काढायचं तर लेखी काढा

बाहुली रबराची होती. तिला उचलायचं कसं, काखेत थर्मामीटर लावायचं कसं, झोळीत घालून वजन करायचं कसं, हे तालुक्याचे आरोग्य अधिकारी साहेब शिकवत होते. तालुक्याला आम्हा आशा सेविकांचं प्रशिक्षण होतं. एकेकीनं उठायचं, करून दाखवायचं, बाहुली पुढचीच्या हातात द्यायची.

माझा नंबर आला. मी बराबर केलं. एक चूक न्हाई. बाहुली पुढचीला द्यायला गेले, तर साहेब म्हणाले, "थांब. खाली ठेव."

ठेवली. साहेबांनी सॅनिटायझरची बाटली काढली. कापसानं बाहुली पुसली. डोकं, पाठ, पाय. मंग पुढचीला दिली.

माझ्या आधी आठ जणींनी ती बाहुली धरल्ती. तेव्हा बाटली निघाली न्हाई. साहेबांना माझं आडनाव माहीत होतं. आडनावावरून वस्ती कळते, वस्तीवरून भिंतीवर कुणाचा फोटो असेल ते कळतं.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी मान घालून बसले.

चहाच्या सुट्टीत साहेब म्हणाले, "गावातल्या वरच्या गल्लीत तू जाऊ नको. लोकं तक्रारी करतात. तिकडच्या बाळंतिणी शेजारच्या गावची आशा बघेल."

मी म्हणाले, "बरं साहेब."

हे दोन शब्द मी स्वतःला माफ केलेले न्हाईत.

त्या हिवाळ्यात वरच्या गल्लीत एक सून बाळंत झाली. बाळ कमी वजनाचं. दवाखान्यातून घरी आलं आणि दूध ओढीना. अंग गार पडलं. गार पडलेलं बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून धरायचं, जल्दी गाडी बोलवायची, हे मला शिकवलेलं होतं. त्या घरात सांगायला कुणीच गेलं न्हाई. शेजारच्या गावची आशा आलीच न्हाई. नवव्या दिवशी बाळ गेलं.

मी भेटायला गेले. म्हटलं, हाकलतील तर हाकलू दे.

सून म्हणाली, "ताई, तुम्ही का न्हाई आल्या? मी वाट बघून राह्यल्ते."

"तुमच्या गल्लीचीच तक्रार होती ना?"

तिची सासू म्हणाली, "कुणाची तक्रार? माय, साहेबच सांगून गेल्ता, तूच यायला न्हाई म्हणती म्हणून."

मी उंबऱ्यावरच बसले. रडू आलं न्हाई.

चार दिवसांनी साहेबांनी बोलावलं. बाळाच्या मृत्यूची चौकशी लागल्ती. टेबलावर गृहभेटीचा फॉर्म होता. तिसऱ्या दिवशी भेट, सातव्या दिवशी भेट, 'बाळ व्यवस्थित'. खाली माझं नाव. सहीची जागा तेवढी मोकळी.

"सही कर. तू गेल्तीस, आईनं ऐकलं न्हाई, असं सांग."

"मी गेलेच न्हाई. तुम्ही जाऊ दिलं न्हाई."

"जास्त बोलू नको. उद्या काढून टाकीन."

"काढा. पण लेखी काढा. वरच्या गल्लीत मला का जाऊ दिलं न्हाई ते कारण लिहा. बाहुली का पुसली, तेही लिहा."

फॉर्म उचलला, पिशवीत घातला, निघाले. साहेब ओरडले, "धरा तिला!" क्लार्क उठला, शिपाई दारात आला. पण मला हात कुणी लावला न्हाई. त्यांची शिवाशिव त्या दिवशी माझ्या कामी आली.

तशीच जालन्याला गेले. फॉर्म वरच्या अधिकाऱ्यांपुढं ठेवला. पोलिसांत तक्रार दिली. सासूनं जबाब दिला, अंगठा उठवला.

आता सरपंच घरी येऊन बसतो. "जाऊ दे बाई. साहेबांची रिटायरमेंट जवळ आली. लेकरंबाळं आहेत त्यांना."

"त्या सुनेलाही होतं," मी म्हणाले.

मला माफी नको. त्याची बदलीही नको. बदली झाली तर तो दुसऱ्या तालुक्यात माझ्यासारखीच दुसरी शोधील. मला तो कोर्टात उभा पाहिजे, वर्दीतल्या पोलिसाशेजारी. एकेका तारखेला मी जाणार. मजुरी बुडाली तरी जाणार, वर्षं गेली तरी जाणार. वकील विचारील ते सगळं सांगीन. आणि सांगताना जजसाहेबांकडं न्हाई, त्याच्याकडं बघीन.