बांधावरचं जांभूळ

दादा गेल्यावर त्याचा टेम्पो विकायच्या आधी मी डॅशबोर्डचा खण रिकामा केला. गाडीचे कागद, तंबाखूची पुडी, आणि रबरबँड लावलेली वर्तमानपत्राची कात्रणं. सगळी एकाच रस्त्याची. महामार्ग अंबरनाथवरून बदलापूरच्या पुढे वाढवणार, ही पहिली बातमी. मग आराखडा, निधीची मागणी, निधी अडला, पुन्हा नवा आराखडा. मी अंबरनाथच्या शाळेत ग्रंथपाल होतो. ती कात्रणं मी तारखेप्रमाणे लावली, फाइल केली, वर त्याचं नाव लिहिलं आणि कपाटात ठेवली. मथळ्यांपलीकडे वाचली नाहीत. त्याचं अक्षर कुठे दिसलं असतं तर मला सहन झालं नसतं.

दादा अंबरनाथच्या अलीकडच्या एका वर्कशॉपमधून लोखंडी कपाटं भरून कर्जतकडे न्यायचा. अंबरनाथ ते बदलापूर एवढ्याशा टप्प्यात कंटेनर, टँकर, रिक्षा आणि शाळेच्या बस एकमेकांना चिकटून उभ्या असायच्या. शेठचा फोन आला की दादा म्हणायचा, "शेठ, उड़ के आऊँ क्या?" आणि इंजिन बंद करून पेपर उघडायचा. त्याच टप्प्यात, गाडी तशीच उभी असताना, त्याच्या छातीत कळ आली. मागच्यांनी बराच वेळ हॉर्न वाजवले, मग कुणीतरी उतरून बघितलं. रस्ता झाला असता तर तो वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही.

आमच्याकडे हल्ली अस्थी नदीत सोडत नाहीत, शेतात पुरून वर झाड लावतात. बदलापूर गावाबाहेर आमची भाताची तीन खाचरं आहेत. वहिनीला झाड विहिरीपाशी हवं होतं. मी म्हणालो, मुळं विहिरीचा काठ फोडतील. बांधावर लावू, पूर्वेच्या, तिथे तो टेम्पो उभा करायचा. वहिनी काही बोलणार होती, पण बोलली नाही. जांभळाचं रोप मीच धरलं, माती तिनं लोटली.

रोपाला नवी पालवी फुटली त्या सुमारास भूसंपादनाची नोटीस आली. निधी मंजूर झाला होता. गट नंबर आमचा होता. मी फाइल काढली आणि पहिल्यांदा वाचायला बसलो. शेवटच्या कात्रणात छोटा नकाशा होता. त्यावर दादानं निळ्या पेनानं आमचं शेत दाखवलं होतं आणि रस्त्याची रेषा जिथून जात होती त्या पूर्वेच्या बांधावर फुली मारली होती.

मी हरकतीचा अर्ज लिहिला. चार वेळा खाडाखोड केली, रेषा थोडी सरकवावी अशी विनंती केली, कारणही लिहिलं. सुनावणीला साहेबांनी तो नीट वाचला, हे खरं. मग म्हणाले की अवजड वाहनांना वळण देता येत नाही, आणि पुढचा अर्ज मागितला.

मोजणीवाले आले त्या दिवशी वहिनी डोक्यावर पदर घेऊन बांधावर उभी होती. झाडांची यादी करणाऱ्यानं रोपाकडे बघून विचारलं, कधीचं आहे. तिनं सांगितलं, वर्ष व्हायचंय. एवढ्याशा रोपाची नोंद होत नाही, तो म्हणाला. वाईट वाटून म्हणाला. रोपाच्या अलीकडे, विहिरीच्या बाजूला, त्यांनी रस्त्याच्या हद्दीचा दगड रोवला आणि त्याला पांढरा रंग दिला.

ते गेल्यावर मी वहिनीला फुलीबद्दल सांगितलं. इतके दिवस सांगितलं नव्हतं. वाटलं होतं, ती रडेल किंवा मला बोलेल.

"मला माहीत होतं, भावोजी," ती म्हणाली. "त्यांनी मला आधीच दाखवलं होतं. म्हणून तर विहिरीपाशी म्हणत होते मी."

मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस.

"कात्रणं तुमच्याकडे होती. तुम्ही वाचली असणार. मला वाटलं, रेषा बदलली असेल, तुम्हाला ठाऊक असेल."

मी रोपाभोवतीची माती उकरून पाहिली. म्हणालो की आपण रोप काढून विहिरीपाशी लावू, मातीसकट, मोठा गोळा धरून. ती दगडाकडे बघत राहिली. म्हणाली, रोप येईल, पण तुमचे दादा आता मातीत मिसळलेत. किती माती उचलणार? पुन्हा अर्ज करतो, एवढंच म्हणालो.

"अर्ज नका करू," ती म्हणाली. "त्यांना रस्ता हवा होता. होऊ दे."

तरी ती एक दिवसाआड रोपाला पाणी घालते. विहीर दूर पडते, म्हणून आता बादली मी उचलतो. जांभूळ माझ्या गुडघ्याच्या वर आलं आहे. परवा बांधाच्या टोकाला खडीचे दोन ट्रक रिकामे झाले.