शेंडी उत्तरेला

लेक टोरांटोत, मुलगा मेलबर्नला आणि आम्ही दोघं मुलुंडला. मुलाची वास्तुशांत आणि लेकीचं पहिलं बाळंतपण पाठोपाठ आलं. तेव्हा कळलं की अख्ख्या जगाला फेरी मारायचं एकच तिकीट मिळतं.

बुकिंगवाल्या बाईंनी नियम समजावले. पूर्व किंवा पश्चिम, एकच दिशा धरायची. अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदाच ओलांडायचे, मागे वळायचं नाही, आणि निघालो त्याच देशात येऊन संपवायचं. मी समजल्यासारखी मान हलवत होतो. घरी येईपर्यंत फक्त मान हलवल्याचं आठवत होतं.

बायकोने मात्र एका वाक्यात निकाल लावला. "म्हणजे प्रदक्षिणा. मग उलटी घालायची नाही."

आता पृथ्वीची सुलटी बाजू कोणती? मी नारळ आणला, शेंडीला उत्तर ध्रुव ठरवलं आणि पूर्वेकडे बोट फिरवलं. शेंडी डाव्या हाताला आली. प्रदक्षिणेत देव उजवीकडे हवा, म्हणजे पूर्वेने गेलं तर उलटी. हिला पश्चिमेनेच जायचं होतं, कारण तिकडून लेक आधी लागते. मला वास्तुशांत चुकवायची नव्हती. मी नारळ उलटा धरला. झालं की उजवीकडे! आपण खाली दक्षिणेकडून बघतोय, असं मी ठोकून दिलं. ही नारळाकडे बघत राहिली, पण तिकीट पूर्वेचं निघालं.

आणि निघायच्या आठवड्यात लेकीला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. फोनवर ती फक्त एवढंच म्हणाली, "आईला आधी पाठवा ना, बाबा."

मी बुकिंगवाल्या बाईंकडे धावलो. म्हटलं, मेलबर्न गाळा, बाकीचं तसंच ठेवा. त्या म्हणाल्या, पहिलंच विमान सोडलंत तर पुढची सगळी आपोआप रद्द होतील. का, ते त्यांनी दोनदा सांगितलं. मला दोनदा कळलं नाही. शेवटी त्यातून हिचं नाव काढून हिच्यापुरतं टोरांटोचं साधं जाण्यायेण्याचं तिकीट घेतलं. ही पश्चिमेने लेकीकडे गेली, मी पूर्वेने एकटाच प्रदक्षिणेला.

वास्तुशांत झाली. मंगळवारी सकाळी मेलबर्नच्या विमानतळावर हिचा फोन आला. नात झाली, आत्ताच, दोघी छान आहेत. मी विचारलं, आज मंगळवार ना? ही म्हणाली, इथे सोमवार संध्याकाळ. म्हणजे नात काल झाली आणि बातमी आत्ताची. पुढे पॅसिफिक ओलांडून उतरलो, तर मंगळवारची तीच सकाळ पुन्हा उजाडत होती. वाटलं, अजून थोडं असंच मागे जाता आलं असतं तर वेळेवर पोचलो असतो.

टोरांटोला पोचलो. लेकीने हसून हात पुढे केला. हिने मला दारातच अडवलं. "आधी हात धुवा. जगभर फिरून आलात."

नात मांडीवर आली तेव्हा बराच वेळ कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही.

मग परतीची तिकिटं काढून बघितली. हिचं तिकीट मागे जायचं, माझं पुढे. विमान एकच, शेजारच्या खुर्च्या. हे कसं, ते मी हिला विचारलं. तिने नारळ मागवला नाही, हे माझं नशीब.