अगदी जवळचा स्फोट

माझ्या एका शब्दाने तिसगावचा आठवडी बाजार उठला. संध्याकाळी आवरून उठतो तसा नाही, भर दुपारी, भाजी जागेवर टाकून. चहा घ्या तुम्ही, सांगते.

मी आकाशातल्या रेडिओ स्फोटांचा अभ्यास करते. दूरच्या एखाद्या दीर्घिकेतून, म्हणजे दुसऱ्या एखाद्या आकाशगंगेतून, रेडिओ लहरींचा झटका येतो आणि पापणी लवायच्या आत संपतो. काही ठिकाणांहून तो पुन्हा पुन्हा येतो. नेमका कुठून येतो, कशामुळे येतो, हे शोधणं माझं काम. सापडलं का, ते तेवढं विचारू नका.

माझे मामा तिसगावच्या शाळेत मुख्याध्यापक. निवृत्तीला आलेले. पोरांसमोर बोलायला त्यांनी मला बोलावलं. शाळेला लागूनच बाजार. मामांनी हौसेने कर्णा बाजाराकडे तोंड करून बांधला.

“गावालाबी कळू दे, आमची भाची काय करती.”

कळलं.

“हे स्फोट आता आपल्या अगदी जवळ सापडू लागलेत,” मी रंगात येऊन म्हणाले. “पुन्हा पुन्हा होतायत. कशामुळे, ते माहीत नाही. पुढचा कधी होईल, सांगता येत नाही.”

आमच्यात शेजारची दीर्घिका म्हणजे जवळ. बाजारात जवळ म्हणजे जवळ.

आधी टेम्पो सुरू झाल्याचे आवाज आले. मग आरडाओरडा. मामा खिडकीतून बघून म्हणाले, “अगं, मानसं पळायला लागली. काहीतरी बोल.”

मी बोलले, तिथेच चुकलं.

“घाबरू नका. असे स्फोट रोजच होतात. तुम्हाला ऐकू येत नाहीत, एवढंच.”

उरलेलेही गेले. एक मेथीवाली तेवढी फाटकाशी आली. “बाई, पोरास्नी तरी घरी सोडा की.”

थोड्या वेळाने जीप आली आणि मामांना आणि मला चौकीत घेऊन गेली. वाटेत मामा जीपच्या बाहेरच बघत बसले. हवालदारांनी कागद पुढे ओढला.

“जवळ म्हंजी किती?”

“कोटभर प्रकाशवर्षं. म्हणजे तिथून निघालेल्या उजेडालाही इथे पोचायला कोटभर वर्षं लागतात.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मंग आपल्या हद्दीत येत न्हाई.”

“नाही.”

“पन तुमी जवळ म्हनला.”

“म्हणाले.”

“करतंय कोन?”

“माहीत नाही.”

“कुनावर संशय?”

“मेलेल्या ताऱ्यांवर आहे. पण पुरावा नाही.”

“किती वर्सं शोधताय?”

मी सांगितलं. तेव्हा मामांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्यापेक्षा कोठडी बरी, असं वाटलं मला.

हवालदारांचा आवाज मात्र एकदम मऊ झाला. “ताई, आमच्याकडंबी हायेत अशा केशी. इहिरीवरल्या मोटारी चोरीला जात्यात, सापडत काय न्हाई. वरून इचारलं की आमी लिवतो, तपास सुरू हाय.”

चौकीतून सुटल्यावर संध्याकाळी मामा आणि मी जे कुणी परत आले होते त्यांच्यापुढे हात जोडत फिरलो. सुकलेली मेथी सगळी आम्हीच घेतली. मामी आठवडाभर तीच करत होती.

परत आल्यावर माझ्या संशोधन संस्थेला वर्षभराच्या कामाचा अहवाल द्यायचा होता. बरंच लिहिलं, सगळं खोडलं. शेवटी एकच ओळ पाठवली: तपास सुरू आहे.

साहेबांचं उत्तर आलं, ‘इतक्या वर्षांत तुमचा अहवाल पहिल्यांदाच नीट समजला.’