तांबडीची पिल्लं

नॉरफोकमधल्या आमच्या रानात तितरं संपत आली होती. ती पुन्हा वाढवायला जमीनदारानं एनॉक थर्कटल हा राखणदार ठेवला होता. माणूस महातिरसट. मारलेले कोल्हे नि कावळे कुंपणाच्या तारेवर ओळीनं टांगायचा. मी नाक दाबून मेंढ्या हाकायला लागलो की म्हणायचा, "तुझ्यापेक्षा यांचा वास बरा की."

अंडी मात्र त्याची बायको डॉर्कस आपल्या खुडूक कोंबड्यांखाली उबवायची. पिल्लं तिच्या ओंजळीतून दाणे टिपायची, आणि तिथंच सगळा घोळ झाला. गेल्या वर्षी रानात सोडलेली तितरं शहरातल्या चोरट्यांच्या पायांशी दाण्यासाठी धावली. बंदुकीची गरजच पडली नाही. काठ्यांनी टाळकी फोडून त्यांनी पोती भरून नेली. रक्तानं माखलेला बांध बघून डॉर्कस मटकन खाली बसली.

यंदा सोडायच्या दिवशी एनॉकनं मला मदतीला बोलावलं. खुराड्याचं दार उघडलं, तर पिल्लं त्याच्याच बुटांशी. त्यानं लाथेनं उडवली, ती परत आली. ढेकळं मारली. एकाची तंगडी मोडली, तरी ते लंगडत आलं.

"बास की आता. वेड लागलंय का तुला?" मी म्हणालो.

"आईनं सांगितल्याशिवाय ही कार्टी ऐकायची नाहीत."

त्यांना उबवणारी तांबडी कोंबडी डॉर्कसची फार लाडकी. एनॉकनं तिचा पंख बुटाखाली दाबला आणि काठीनं हाणायला सुरुवात केली. ती जिवाच्या आकांतानं किंचाळली. पिल्लं चहूकडे पळाली. शेवटचं पिल्लू कुंपणात शिरेपर्यंत त्यानं हात थांबवला नाही. मग तिची मान मुरगळली.

डॉर्कस दारातून म्हणाली, "मलाच मारायचं होतंस."

"तुझं ओरडणं त्यांना कुठं कळतं?" एनॉक म्हणाला. तांबडीला त्यानं तारेवर टांगलं नाही, पुरलं. तरी मला त्याचा आलेला राग अजून गेलेला नाही.

हिवाळा सरला, उन्हाळा आला. त्याच पिल्लांतली एक मादी आता स्वतःची पिल्लं घेऊन डॉर्कसच्या फाटकाशी आली. डॉर्कसच्या ओच्यात दाणे होते. पक्षीण थबकली, मान उंचावून बघत राहिली, मग दोन पावलं पुढं आली.

"माझी बाय ती," डॉर्कस पुटपुटली.

मग ती वाकली आणि दगड उचलून तिनं नेम धरून मारला. पक्षीण भर्रकन उडाली, पिल्लं गवतात गडप झाली. डोळे न पुसताच डॉर्कसनं दुसरा दगड उचलला.