जिलानीचाचांचा आभाळातला टाइम

जिलानीचाचांच्या गच्चीवर लोखंडी पाइप उभा राहिला, त्यावर उपड्या वाटीसारखा पांढरा डबा बसला आणि लातुरातल्या आमच्या गल्लीत कुजबुज सुरू झाली. खोटं कशाला लिहू, त्यात मीही होतो. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा माणूस आभाळाकडं तोंड करून यंत्र कशाला लावील? मला वाटलं, मोबाइल कंपनीला गच्ची दिली ह्यानं. भांडायच्या तयारीनंच जिना चढलो.

"चाचा, टावर हाय का हे?"

"टावर बोलतो, उद्धवभाऊ. हे नुसतं ऐकतं. उपग्रहाचा टाइम. खाली अंगणात लिंबाखाली ऐकू येईना, म्हणून इकडं मोकळ्यात आणलं."

खिडकीतून आत घेण्याआधी त्यांनी केबलला खाली झोळ दिला. पावसाचं पाणी तिथंच टपकावं, घरात येऊ नये म्हणून. आत टेबलावर लाल आकडे पळत होते.

"एवढा नेमका टाइम कुणाला लागतो?"

"भूकंपानंतर लोक बंद पडलेली घड्याळं आणायचे. सगळी चारच्या आसपास थांबलेली, पण दोन सारखी न्हाईत. तवापासून डोक्यात हाय." मग आवाज उतरला. "आन् मुबश्शिरा."

मुबश्शिरा त्यांची नात. डॉक्टरकीच्या तयारीला एका क्लासमध्ये जायची. गेट सातला बंद. ह्या महिन्यात दोनदा वेळेत पोचूनही बाहेर राहिली. तिसऱ्यांदा राहिली की नाव कट.

माझं डोकं सणकलं. मुद्दाम घड्याळ पुढं करून गरिबांच्या पोरी गाळायलेत हे!

दुसऱ्या सकाळी चाचांनी लाल आकड्यांवर घड्याळ लावलं आणि आम्ही तिघं निघालो. चाचांच्या मनगटावर सहा पंचावन्न, आणि गेट बंद. माझ्या घड्याळात मात्र सात वाजले होते. ते मी बाहीत सरकवलं, हात खिशात घातला आणि बोंब ठोकली.

क्लासचे मालक माणिकप्पासर बाहेर आले. "आमचं घड्याळ चोख हाय. मागच्याच महिन्यात शिपायानं दुरुस्त करून आणलंय. बघा!"

भिंतीवरचं घड्याळ काढून त्यांनी चाचांच्या हातात दिलं. चाचांनी मागचं झाकण उघडलं. आत टोकदार सुईनं कोरलेलं होतं: जि, +५.

"हात माझा हाय, सर," चाचा म्हणाले. "गिऱ्हाइकाला उशीर होऊ नये म्हणून मी सगळ्यांचीच घड्याळं पाच मिनिटं पुढं करून देतो. हे घड्याळ तुमच्या क्लासचं, हे मला कुणी सांगितलं न्हाई. नाव कापायचं तर माझं कापा."

"दादाजान, माझी टेस्ट!" मुबश्शिरा कळवळली.

चाचांनी काटा मागं घेतला. सात वाजायला तीन मिनिटं होती. सरांनी गेट उघडलं, वहीतले तिचे दोन्ही शेरे खोडले. मग माझ्याकडं रोखून बघितलं.

"उद्धवभाऊ, तुमचं घड्याळ बी चाचांकडचंच ना? त्यात किती वाजले?"

मी हात खिशातून काढला न्हाई.