तारांकित प्रश्न आणि आईचा अंगठा

माझा स्वभाव मूळचा संशयी. मासळी विकणाऱ्या बाईच्या पोटी जन्मलेली मुलगी दुसरी कशी असणार? समोरचा माणूस खरंच घेणार आहे की नुसता वेळ काढतोय, हे आमच्या आईला तो तोंड उघडायच्या आधी कळायचं. पुढे मी कणकवलीला सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून लागले, तेव्हा हा स्वभाव माझ्या बराच कामी आला. आणि एकदा त्यानेच मला पुरतं तोंडघशी पाडलं.

कचेरी पाणीपुरवठ्याची होती. जिल्हा नवा होता, खुर्च्या जुन्या जिल्ह्यातून आलेल्या होत्या. मी तात्पुरती होते. दर काही महिन्यांनी एक दिवसाचा खंड दाखवून मला पुन्हा नेमायचे. कायम करण्याची फाईल साहेबांच्या टेबलावर डाव्या हाताला पडून होती, आणि रोज सकाळी त्यांच्या खोलीत गेले की माझे डोळे आधी तिच्याकडे जायचे.

आमचं गाव आचऱ्याच्या पलीकडे खाडीकाठी. होळी सरली की घराजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ व्हायचं, आणि आई पहाटे उठून देवळाकडच्या विहिरीवर जायची. जाऊन-येऊन अर्धा तास, अशा तीन खेपा. मग मासळीची पाटी घेऊन बाजार. तिची मान दुखायची, रात्री ती खोबरेल चोळून घ्यायची, पण त्याबद्दल बोलायची नाही. गावात नळपाणी योजना झाली तेव्हा आमच्या दारासमोर एक नळ उभा राहिला. उद्घाटनानंतर काही दिवस पाणी आलं, मग मोटर जळली. ती बांधायला, म्हणजे दुरुस्तीला, कोल्हापूरला गेली आणि तिकडचीच झाली.

योजनेचे महिन्याचे अहवाल टाइप करायला माझ्याकडेच यायचे. त्यांच्यासोबत पंपचालकाचं नोंदपुस्तक यायचं. मोटर कोल्हापुरात, आणि नोंदपुस्तकात रोज सकाळी आठ ते दहा पंप चालू. त्या माणसाची तरी काय चूक म्हणा, पंप बंद लिहिला तर त्याला घरी बसवला असता. पण एके दिवशी त्याने कमाल केली होती. लिहिलं होतं, ‘वीज नसल्यामुळे पंप बंद’. मोटरच नाही, आणि वीज गेल्याची मात्र नोंद! खोटं रोज एकसारखं दिसू नये म्हणून त्याने मध्येच खोटा खाडा घातला होता. मी टाइप करता करता हसले होते.

चैत्रातल्या एका सकाळी बिनतारी संदेश आला. त्याच्यावर तांबडी चिठ्ठी, ‘विधानसभा तारांकित प्रश्न, अत्यंत तातडीचे’. मुंबईत अधिवेशन चालू होतं. तारांकित म्हणजे ज्याला चांदणी असते तो प्रश्न. त्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं आणि वर आमदार उपप्रश्न विचारतात, म्हणून सगळे त्याला टरकून असतात. लोकांना वाटतं उत्तर मंत्रालयात तयार होतं. ते आमच्यासारख्या कचेरीत तयार होतं, एखाद्या टंकलेखकाच्या यंत्रावर, आणि मग एकेक पायरी चढत चढत, वाटेत थोडं घासून-पुसून, मंत्र्याच्या हातात जातं.

प्रश्न आमच्या गावाबद्दल होता.

एक, गावातील नळपाणी योजना गेले कित्येक महिने बंद आहे, हे खरे आहे काय? दोन, असल्यास, जळालेली मोटर कोल्हापूर येथे पडून आहे, हेही खरे आहे काय? तीन, मोटर नसतानाही नोंदपुस्तकात पंप रोज चालू दाखवून एके दिवशी वीज नसल्याची नोंद केली आहे, हेही खरे आहे काय? चार, असल्यास, शासनाने कोणती कारवाई केली आहे वा करण्यात येत आहे?

हेडक्लार्कनी प्रश्न मोठ्याने वाचला. तिसऱ्या भागाला त्यांचा आवाज बारीक झाला. योजना बंद आहे हे गावच्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. पण विजेच्या नोंदीची गोष्ट? ती पाहिलेली माणसं चारच: लिहिणारा पंपचालक, सही करणारे शाखा अभियंता, तपासणारे हेडक्लार्क आणि टाइप करणारी मी. त्या चारांत प्रश्नातल्या गावची मी एकटीच. त्या दिवशी माझ्या टेबलावर चहा आला नाही.

दुपारी साहेबांनी बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. ‘ते तुमचंच गाव ना, बाई?’ एवढंच विचारलं. मी होय म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि कारण नसताना माझी फाईल डाव्या हाताची उजव्या हाताला ठेवली. मी काही केलेलं नव्हतं, आणि काही न केलेल्या माणसाने ते सिद्ध कसं करायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

मग मी माझ्या परीने चोर शोधायला लागले. माझा पहिला संशय हेडक्लार्कवर. त्यांचा भाचा प्रश्न विचारणाऱ्या आमदाराच्या पक्षाची पोस्टरं चिकटवायचा. शिवाय प्रश्न वाचताना त्यांचा आवाज बारीक झाला होता, आणि खाई त्याला खवखवे. दुसरा संशय शाखा अभियंत्यांवर, कारण त्यांना बदली हवी होती आणि बोभाटा झाला की बदल्या होतात. चार दिवस मी त्या दोघांच्या मागावर होते. कोण कोणाबरोबर हॉटेलात गेलं, कोण फोनवर हळू बोललं. ते दोघे माझ्या मागावर असणार हेही मला कळत होतं. एकमेकांकडे बघून हसायचो, आणि कागद हातावेगळा केला की आधी उलटा करून ठेवायचो.

तोवर उत्तराची तयारी चालू झाली होती. माझी अशी समजूत होती की आधी वस्तुस्थिती बघतात आणि मग उत्तर लिहितात. हेडक्लार्कनी माझी ती समजूत काढून टाकली. त्यांची सारी विद्या पहिल्या भागात होती. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ लिहिता आलं की पुढच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. चार भागांचा प्रश्न दोन ओळींत संपतो. पण पहिल्या भागाला ‘हे खरे आहे’ लिहिलं की दुसरा, तिसरा, चौथा, नंतर उपप्रश्न, नंतर चौकशी. ‘तेव्हा बाई,’ ते मला म्हणाले, ‘आधी उत्तर ठरतं, मग त्याच्यासाठी परिस्थिती तयार करायची असते.’

आणि परिस्थिती तयार झाली. दुसऱ्या एका गावच्या योजनेची चालू मोटर काढून, जीपमध्ये घालून आमच्या गावी नेली. साहेब आणि शाखा अभियंता स्वतः गेले. मला नेलं नाही, तो साहेबांचा चांगुलपणा असेल असं मी तेव्हा समजले. एक सकाळ आमच्या गावात पाणी आलं आणि त्या दुसऱ्या गावात आलं नाही. तिथल्या आमदाराने काही विचारलेलं नव्हतं. पाणी चालू असताना पंचनामा केला, तीन ग्रामस्थांचे जबाब घेतले आणि संध्याकाळी मोटर परत नेली.

दुसऱ्या दिवशी ते कागद नकलांसाठी माझ्याकडे आले. यंत्रात चार कागद आणि तीन कार्बन चढवून मी सुरुवात केली. पहिला जबाब सरपंचाचा. दुसरा किराणा दुकानदाराचा, तो सरपंचाचा मेहुणा. तिसरा जबाब माझ्या आईचा.

‘मी खाली अंगठा करणार, धंदा मासळी विक्री, जबाब देते की, माझ्या घरासमोरील नळास दररोज सकाळी पाणी येते. योजनेबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.’ खाली निळ्या शाईत तिचा डाव्या हाताचा अंगठा. लहानपणी मासळी कापताना कोयतीने त्या अंगठ्यावर आडवा वण पडलेला आहे, तो शाईत पांढरा उमटला होता. म्हणजे कोणीतरी दुसऱ्याचाच अंगठा लावला असेल असा संशय घ्यायलाही जागा नव्हती.

माझे हात यंत्रावर तसेच राहिले. मला आईचा राग आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. पहाटे तीन खेपा मारणारी बाई दररोज पाणी येतं म्हणून लिहून देते? हेडक्लार्क पलीकडून बघत होते. मी टाइप केलं. मग उत्तराचा कागद घेतला. ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ एकही चूक झाली नाही.

रविवारी सकाळी पहिल्या एसटीने गावी गेले. आई देवळाकडून येत होती, डोक्यावर हंडा आणि कमरेला कळशी. मी तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवलासुद्धा नाही, तिथेच वाटेत विचारलं, ‘आये, पाणी येता म्हणान आंगठो कित्याक दिलंस?’

तिने हंडा स्वतःच उतरवला, पडवीत ठेवला, आणि पदराने मान पुसली. मग सांगायला लागली. साहेब घरी आले होते, पायरीवर बसले होते, चहा घेतला होता. माणूस फार चांगला, आईच्या मते. म्हणाले, मावशी, तुमची मुलगी हुशार आहे, तिची फाईल माझ्याकडेच आहे. एवढंच म्हणाले आणि शाईचं पॅड पुढे केलं. धमकी नाही, दरडावणी नाही. आईने त्यांचे डोळे बघितले आणि अंगठा दिला.

मी म्हटलं, पण माझा काय संबंध, तो प्रश्न मी थोडाच पाठवला होता? कचेरीतल्या कोणीतरी फोडलं आणि माझ्यावर ढकललं.

‘कोणी फोडूक नाय गो,’ आई म्हणाली. ‘मीच सांगितलंय मास्तरांका.’

मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, आचऱ्याच्या बाजारात तिच्याकडून दोन बांगडे नेणारे. अर्ज-विनंत्या लिहून देणं आणि आमदाराकडे कागद पोचवणं हा त्यांचा उद्योग. एकदा त्यांनी पाण्याची चौकशी केली, आणि तिने हसत हसत त्यांना नोंदपुस्तकाची गंमत सांगितली. मोटर कोल्हापुरात, आणि ह्यांची वीज गेली.

‘तुका कोणी सांगितल्यान?’ मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला आठवलं. शिमग्याला घरी आले होते तेव्हा भाकऱ्या थापणाऱ्या आईला मीच सांगितलं होतं. दोघी पोट धरून हसलो होतो. आईला सांगितलेलं मी कधी ‘सांगणं’ धरलंच नव्हतं. चार दिवस मी अख्ख्या कचेरीकडे संशयाने बघितलं, हेडक्लार्कच्या भाच्यापर्यंत पोचले, आणि चोर माझ्याच खुर्चीवर बसलेला होता. माझी मला शरम वाटली, आणि त्याहून जास्त भीती, की साहेबांचा संशय खरा होता.

‘मगे आता पाणी खंयसून येतला?’ मी म्हटलं. ‘कागदावर तर तुझा आंगठो आसा.’

‘पाणी काय, मी देवळाकडसून हाडतंय,’ ती म्हणाली. ‘तुझी नोकरी कोण हाडतलो?’ आणि कळशी रिकामी करायला आत गेली.

पावसाळा लागायच्या आत मला कायम केल्याचा आदेश आला. आईने बाजारात साखर वाटली, मास्तरांनाही दिली.

पुढे दोन वर्षांनी पुन्हा तांबड्या चिठ्ठीचा संदेश आला. तेच गाव, तीच योजना, आमदार मात्र वेगळा. साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांनी माझ्याकडे संशयाने बघितलं नाही, त्यांना माझं गाव कुठलं हेही माहीत नव्हतं. मी आता कायम होते. यंत्रात कागद चढवला आणि टाइप केलं, ‘(१) हे खरे आहे.’ एवढी एक ओळ. ती बघताना भीतीही वाटत होती आणि बरंही.

हेडक्लार्क शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी ओळ वाचली. रागावले नाहीत. मागची फाईल काढून माझ्यापुढे ठेवली आणि तिसऱ्या जबाबावर बोट ठेवलं.

‘आता हे खरं म्हणायचं, तर ह्या बाईने तेव्हा खोटा जबाब दिला असं होतं,’ ते म्हणाले. ‘मग कारवाई तिच्यावरही करावी लागेल. तशी करायची का, बाई?’

ती बाई कोण हे त्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक होतं.

मी कागद यंत्रातून काढला, फाडला, नवा चढवला. ‘(१) हे खरे नाही. मागील उत्तराप्रमाणे.’ सोबत आईच्या जबाबाची नक्कल जोडली. त्या रविवारी मी गावी गेले नाही.