आधी दिवा, मग बोर्ड

हां, तर व्हिडिओ गेमच्या दुकानाच्या शटरबाहेर खेळणारे जमलेत आणि आत वहिनी मोटारीचा दिवा शोधतायत, इथपर्यंत आलो होतो आपण.

दुकान चालवणाऱ्या भाऊजींचा, म्हणजे वहिनींच्या दिराचा, जीव टांगणीला लागला होता. दुपारी चारला विमानाच्या खेळाची स्पर्धा. त्या खेळाच्या यंत्रातला सर्किट बोर्ड चाळीस वर्षांचा, तसा दुसरा कुठे मिळत नाही. तो जळला तर खेळ कायमचा गेला. आणि आदल्या दिवशी त्याला वीज देणारा सप्लाय मेला होता. नवा आला होता, खोक्यातून काढून जोडायचा, एवढंच काम. पण वहिनींच्या हाती ‘एवढंच’ असं काही नसतंच. गल्ली त्यांना उगाच ‘थांबा-वहिनी’ म्हणत नव्हती.

“वहिनी, नवाकोरा आहे हो! जोडा की सरळ!”

“थांबा. नवा नवरासुद्धा आधी पारखून घेतात.”

“दादाला पारखलं होतं का?”

“नाही ना! म्हणून तर आता सप्लाय पारखते.”

दिवा सापडला. सप्लायवर थोडा भार हवा, म्हणून बोर्डाच्या जागी त्यांनी दिवा लावला आणि मीटर टेकवला. हवे होते पाच व्होल्ट, काटा गेला पावणेसहाच्या घरात. सरळ जोडला असता तर? वहिनींनी बारीक पेचकसाने सप्लायचा स्क्रू फिरवून काटा पाचावर आणला.

ही शिस्त त्यांना कुणी शिकवली नव्हती. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात नवऱ्याच्या दुकानात त्यांनी एका बोर्डाचा वायरींचा जोड उलटा बसवला होता. तो दोन्हीकडून बसतो, हाच त्याचा खोडसाळपणा. फट् आवाज, काळा डाग, जळका वास. नवरा नुसता खिडकी उघडून आला. त्या खिडकीचं त्यांना शिव्यांपेक्षा जास्त लागलं. तेव्हापासून प्रत्येक जोडाच्या वरच्या बाजूला त्या नेलपॉलिशचा लाल ठिपका देतात, आणि स्वतःच्या नखांना मात्र कधीच लावत नाहीत.

ठिपका वर धरून त्यांनी बोर्ड जोडला, मगच बटण दाबलं. पडदा उजळला, पण विमान थरथरत होतं. बोर्डाच्या कडेला मीटर धरला तर साडेचारच व्होल्ट.

“मग वाढवा की स्क्रू!” भाऊजींनी पेचकस उचललासुद्धा.

“ठेवा तो खाली! सप्लाय पाच देतोय. मधली वायर अर्धा व्होल्ट खातेय, आणि तुम्ही जेवण वाढताय कुणाला?”

बाहेर शटरवर थापा पडत होत्या. साडेतीन झाले होते. वहिनींनी प्लग ओढला, काळवंडलेली वायर कापून जाड वायर सोल्डरचा डाग देऊन बसवली. मग खेळायच्या दांड्याखालची लोखंडी पाटी तपासली. तिची अर्थिंगची वायर निसटलेली निघाली. भाऊजी घड्याळाकडे बघून म्हणाले, “ती उद्या लावा ना, खेळ तिच्याशिवायही चालतो.”

“खेळ चालतो हो. पण पाटीत वीज उतरली, तर ज्याचा हात तिच्यावर असेल त्याचं काय?”

वहिनींनी ती वायर घट्ट बसवली; पेचकस भाऊजींनीच हातात दिला. नंतर कित्येकांना भाऊजींनी सांगितलं, की त्या दिवशी त्यांना आपल्या दुकानाची मालकीण कोण ते कळलं.

चारला पाच कमी असताना विमान उडालं. सुतासारखं सरळ. शटर वर गेलं, लोक आत घुसले. भाऊजींनी सगळ्यांना हातानं मागे सारलं, खुर्ची पुसली आणि म्हणाले, “पहिला डाव आमच्या वहिनींचा! बसा वहिनी.”

वहिनी एप्रन सोडता सोडता हसल्या.

“नको हो भाऊजी. वीज चालू असलेल्या यंत्रापाशी तीस वर्षं एक हात खिशात घालून उभी राहिलेय, झटका बसलाच तर छातीतून जाऊ नये म्हणून. आता दोन्ही हातांनी विमान उडवायला सांगाल, तर पहिल्याच वळणावर पाडेन.”